माझ्या पासपोर्टवर सुटलेला दीर

गिरणीपासून सांगते, चालेल ना? कारण आई म्हटलं की मला आधी गिरणच आठवते. कराडच्या पुढे आमचं गाव, आणि गावात आईची पिठाची गिरण. वडील एस.टी.त होते, ते लवकर गेले, मग आईनेच गिरण चालवली, आम्हा बहीणभावाला त्याच पिठावर वाढवलं. गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून तिचा आवाज इतका मोठा झाला होता की मी लग्न होऊन शारजाला आले तेव्हा गावातल्या बायका म्हणायच्या, हिच्या आईला फोन कशाला लागतोय, दारात उभी राहून हाक मारली तरी दुबईपर्यंत जाईल. आणि मी तिची मुलगी, पण माझा आवाज मांजरीचा. सासरी सगळ्यांना तेच आवडलं. सून कशी, तर उलटून बोलत नाही. वीस-बावीस वर्षं मी ही पदवी मिरवली, अजून कोणी काढून घेतली नव्हती.

आमचे हे इथे ए.सी.चे डक्ट बसवायचं काम करतात. आधी दुसऱ्याच्या कंपनीत होते, मग स्वतःचं छोटं कॉन्ट्रॅक्टिंग काढलं. राहायला अल नहदात, एक बेडरूम आणि हॉल. किचनच्या खिडकीतून खाली मोठा रस्ता दिसतो, रस्त्याच्या अलीकडे शारजा आणि पलीकडे दुबई. नव्याने आले तेव्हा मी ह्यांना विचारलं होतं, मग बॉर्डर कुठाय, तारेचं कुंपण वगैरे? हे इतके हसले की ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगितलं. मी पोळ्या करून देते. आसपासची मराठी कुटुंबं, नोकरी करणाऱ्या बायका, रोल्ला भागातले दोन-चार बॅचलर. माझी मुलगी सई कोणी विचारलं की सांगते, माय मॉम रन्स अ फूड बिझनेस. आणि बिझनेस मागे लाटणं घेऊन उभा असतो, कपाळाला पीठ लागलेलं.

तर नितीन. नितीन म्हणजे माझा धाकटा दीर. आमच्या लग्नात तो हाफ चड्डीत करवल्यांच्या मागे पळत होता, शारजाला यायच्या आधी सासरी होते तेव्हा मी त्याला जेवू घातलंय, अभ्यासाला बसवलंय. ह्यांनी त्याला इथे आणलं, साइटवर सुपरवायझर केलं. कामाला चांगला होता हो, खोटं का सांगू. पण राग नाकावर. एकदा पार्किंगवरून शेजारच्या साइटच्या फोरमनशी वाजलं. तो माणूस केरळचा, वयाने मोठा, गाडी काढत नव्हता की काय झालं. नितीनने त्याच्या कानाखाली ओढली. तो माणूस लोखंडी पाइपांवर पडला आणि त्याचा एक कान गेला. ऐकू येत नाही आता त्या बाजूने. आमच्याकडे अजून सगळे म्हणतात, एक कानाखाली तर मारली, एवढं काय. सासूबाई तर गावात सांगतात की पोरगं फसलं. पण कान त्याचा गेला ना? हे मी एकदा बोलून दाखवलं, तर हे म्हणाले, तू वकील आहेस का त्याची? मी गप्प बसले. पदवी होती ना माझ्याकडे.

नितीनला शिक्षा झाली. आत काही महिने काढले आणि मग असं कळलं की उरलेली शिक्षा त्याला बाहेर राहून काढता येईल, पायात कडं घालून. कायद्यातलं मला विचारू नका, मला जेवढं समजलं तेवढं सांगते. कडं म्हणजे काळ्या प्लास्टिकचं, घोट्याच्या वर, आत मशिन. तो कुठे आहे ते पोलिसांना दिसतं. घर आणि आसपासचा ठरवून दिलेला भाग, त्याच्या बाहेर जायचं नाही, आठवड्यातून एकदा स्टेशनला हजर व्हायचं. आणि त्याच्यासाठी एका माणसाने जामीन राहायचं. जामीन म्हणजे सही तर करायचीच, पण आपला पासपोर्ट त्यांच्याकडे ठेवायचा. तो पळाला तर तुम्ही आहातच.

आता घरात मोठी माणसं दोन. हे आणि मी. हे म्हणाले, माझा देऊन कसं चालेल, मस्कतचं काम येतंय, कधीही फोन येईल आणि निघावं लागेल. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तुझा देऊ. तुला कुठे जायचंय?

काय सांगू तुम्हाला, मला त्यात काही खटकलंसुद्धा नाही. खरंच मला कुठे जायचं होतं? सुपरमार्केट, सईची शाळा, गणपतीत कोणाकडे मोदक करायला. उलट मला जरा भारीच वाटलं. साडी नेसून गेले मी स्टेशनला. सगळे जीन्समध्ये आणि मी जणू सत्यनारायणाला बसायला आलेली. आतल्या ऑफिसर मॅडम इथल्याच, तरुण, अबाया घातलेल्या, हिंदी आमच्या ह्यांच्यापेक्षा बरी. त्यांनी विचारलं, आप को मालूम है ना, ये आप की ज़िम्मेदारी है? मी म्हटलं, यस मॅडम. सासूबाईंचा त्या दिवशी गावाहून फोन आला, म्हणाल्या, तू माझी सून न्हाईस, लेक हाईस. मी डोळे पुसले. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

मग सुरू झाली माझी जेलरकी. त्या कड्याला रोज चार्जिंग लागतं, आणि ते पायातून निघत नाही, म्हणजे माणसालाच चार्जिंगला लावायचं. हॉलमधला प्लग सोफ्याच्या मागे, बेडरूममध्ये सई अभ्यासाला. राहिलं किचन. तर मिक्सरच्या शेजारी स्टूल टाकून नितीन बसायचा, पाय वायरला जोडलेला, आणि मी पोळ्या लाटायची. मॅडमचा कधी फोन यायचा, नितीन किधर है? मी सांगायची, मॅडम, चार्जिंग पे है. त्या हसायच्या. मिक्सर लावायचा असला की मी म्हणायची, भाऊजी, तुम्ही की चटणी, काय ते ठरवा. तो म्हणायचा, वैनी, चटणी आधी, मी पळून कुठे जातोय. लसूण सोलून द्यायचा, कणकेचे गोळे करून द्यायचा, वेडेवाकडे. आतल्या गोष्टी सांगायचा, तिथे एक म्हातारा बलुची कसा सगळ्यांच्या चादरी घडी करून ठेवायचा, डाळ कशी पाण्यासारखी. ते दिवस वाईट नव्हते. मला खरं तर कधी कोणी किचनमध्ये इतका वेळ सोबत दिली नव्हती.

पण रस्ता होता ना समोर. एकदा मी पोळ्या द्यायला खालच्या मजल्यावर गेले, वर येते तर नितीन नाही आणि माझा फोन वाजतोय. मॅडम. ये आदमी बाहर क्यों है? मी खिडकीतून बघितलं तर साहेब रस्त्याच्या पलीकडे, करक चहाच्या टपरीवर, मित्राच्या गाडीला टेकून. त्याला शारजाच्या बाहेर जायची परवानगीच नव्हती, आणि पलीकडे दुबई. मी तशीच धावले. गाऊन, त्यावर ओढणी, एका पायात सईची चप्पल, एका पायात माझी, हाताला कणीक. सिग्नलला उभी राहून हाका मारते तर आवाज निघतोय कुठे, मांजरीचा. शेवटी रस्ता ओलांडून गेले आणि त्याच्या बाहीला धरून ओढत आणलं, आणि तो म्हणतोय, वैनी, अहो चहा तरी संपवू द्या, लोक बघतायत. म्हटलं, बघू देत, तुमच्यापायी मी आत जाईन तेव्हा काय दिसणार आहे लोकांना? सईने खिडकीतून सगळं बघितलं. म्हणाली, ममा, ही इज अ ग्रोन मॅन, व्हाय आर यू हिज बेबीसिटर? मी म्हटलं, तुझ्या बाबांना विचार. तिने विचारलं. हे म्हणाले, फॅमिली आहे बेटा. आणि पेपर वाचत बसले. मॅडमनी नितीनला बोलावून दम दिला, लेखी समज दिली, सुटला.

आणि मग आई पडली. गिरणीतच. भाऊ म्हणाला, झटका आलाय, उजवी बाजू गेलीय, पण बोलतेय. फोन कानाला लावला तर आवाज थोडा जड, पण मोठाच, म्हणाली, सुजे, कधी येतीस? मी म्हटलं, येते गं. ती म्हणाली, येते म्हणजे कधी, सोमवारी? मी म्हटलं, बघते. त्या आठवड्यात नितीनला घेऊन स्टेशनला गेले तर मॅडमनीच विचारलं, क्या हुआ, चेहरा ऐसा क्यों? मी सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, दो रास्ते हैं. घरातला दुसरा कोणी पासपोर्ट घेऊन येऊ दे, तुमचा अर्ध्या दिवसात परत देते. नाही तर तुम्ही जामीन मागे घ्या, मग दुसरा जामीनदार मिळेपर्यंत त्याला आत जावं लागेल. दुसरा रस्ता मी तिथेच सोडून आले. पहिला घरी घेऊन आले. मला वाटलं, झालंच काम. मनातल्या मनात बॅगसुद्धा भरली, आईला डायपर, सईच्या जुन्या बेडशीट.

ह्यांना सांगितलं. हे जेवत होते. म्हणाले, दोन आठवडे थांब, मस्कतचं फायनल होतंय. म्हटलं, आई आहे हो. म्हणाले, मी कुठे नाही म्हणतोय, आई बोलतेय ना? बोलतेय म्हणजे सिरियस नाही. दोन आठवडे झाले, मस्कत फायनल झालं नाही, पण कधीही होईल असं झालं. पुन्हा विचारलं तर म्हणाले, तुला धंद्यातलं कळत नाही. ते खरं आहे, मला कळत नाही. पण सासूबाईंना ते कळलं, त्यांचा फोन आला, अगं, पासपोर्ट बदलायचं काय काढलंस मधेच? त्या गडबडीत माझ्या लेकराला आत घेतलं तर? तुझ्या आईजवळ तुझा भाव हाय की. आणि मी बरं म्हटलं. तेव्हाही बरंच म्हटलं.

रोज आईचा फोन. सोमवारी येतीस का? दर फोनला तिचा सोमवार पुढे सरकायचा. किचनमध्ये नितीन सगळं ऐकत असायचा, जाणार कुठे, पाय प्लगात. एकदा म्हणाला, वैनी, तुम्ही जा. मी परत आत जातो, काय, थोडे महिने तर राहिलेत, निघून जातील. मला इतकं बरं वाटलं, मी त्याच्या ताटात तुपाची धार धरली. दुसऱ्या दिवशी परत म्हणाला, वैनी, तुम्ही खरंच जा. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा हे समोर जेवायला बसले होते. म्हणजे बसणार होते. ह्यांनी खुर्ची ओढली तसा तो गप्प झाला, आणि म्हणाला, दादा, कोशिंबीर मस्त झालीय. त्या दिवशी मला कळलं की हे तो मला म्हणणार, दादाला कधीच म्हणणार नाही. मला म्हणायला काही लागत नाही. मी त्याला वेडा कुठचा म्हणून तूप वाढणार, हे त्याला माहीत. वाईट नाही तो. पण माझ्याशी चांगलं वागायला त्याला कधी फार कष्ट पडले नाहीत, एवढं खरं.

मग भावाचा फोन आला. म्हणाला, ताई, दुसरा झटका आलाय, बोलणं तुटतंय, शब्द सापडत नाहीत तिला, तुझं नाव घ्यायला जाते आणि माझं घेते. यायचं असेल तर आता ये. फोन ठेवला. तव्यावर पोळी होती, ती करपली. मी गॅस बंद केला. नितीनला म्हटलं, भाऊजी, चार्जिंग झालं? म्हणाला, होत आलंय. म्हटलं, करून घ्या पूर्ण. आणि पर्स घेऊन खाली उतरले, टॅक्सी केली. या वेळी साडी नाही, पोळ्यांच्या ड्रेसवरच.

मॅडमपुढे बसले आणि म्हटलं, मुझे मेरा पासपोर्ट चाहिए. त्यांनी विचारलं, दुसरा आणलाय का? नाही. मग मी जामीन मागे घेते. त्यांनी पेन खाली ठेवलं, दाराकडे बघितलं की माझ्याबरोबर कोणी आहे का, आणि हळूच विचारलं, घर पे बताया? म्हटलं, नाही. म्हणाल्या, आजच गाडी जाईल त्याला आणायला, तुम्हाला कळतंय ना? मी म्हटलं, कळतंय. तोंडातून निघालं तेव्हा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला असावा, कारण दोन माणसं वळून बघायला लागली. मॅडम मायेने म्हणाल्या, हबीबती, बसा, पाणी प्या, आधी घरी एक फोन करा. मी ह्यांना फोन केला. म्हटलं, मी स्टेशनला आहे, माझा पासपोर्ट घेतेय, नितीनला आज परत नेतील.  मग म्हणाले, तिथेच थांब. काही सही करू नकोस.

हे अजमानच्या साइटवर होते. त्या वेळी तिथून यायला ट्रॅफिक म्हणजे किती, तुम्हाला माहीतच आहे. माझं पाणी पिऊन होतंय तोवर हे आले. घामाघूम. आणि पासपोर्ट कुठून काढला? शर्टाच्या खिशातून. घरी जाऊन आणायलासुद्धा लागला नाही. मस्कतसाठी जवळ बाळगत होते, इतके आठवडे, खिशात. टेबलावर ठेवला, मॅडमना म्हणाले, सॉरी मॅडम, वाइफ इज लिटल टेन्शन. मॅडमनी ह्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. ह्यांचा ठेवून घेतला, माझा मला परत मिळाला, सगळं व्हायला फार वेळ लागला नाही. माझी आई आजारी होती तेव्हा जो पासपोर्ट देता येत नव्हता, तो भाऊ आत जाणार म्हटल्यावर असा टेबलावर आला. आणि मस्कत? मस्कतचं काम अजून आलेलं नाही.

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, तू माझ्या भावाला जेलात घालायला निघालीस? मी म्हटलं, मी माझ्या आईकडे निघाले. घरी जाऊन बॅग भरली, तिकीट काढलं, आणि विमानतळापर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. सई मागे बसली होती, ती म्हणाली, बाबा, से समथिंग. हे म्हणाले, गिव्ह मी द बॅग. तेच काय ते बोलणं.

पोचले तर आई खाटेवर. ओळखलं मला. हात धरला डाव्या हाताने, घट्ट, पण शब्द नाही. ओठ हलायचे, आणि नुसती घरघर यायची. मी तिच्या तोंडाजवळ कान न्यायची. ज्या बाईचं बोलणं अख्ख्या गावाला ऐकू जायचं, तिच्या तोंडाशी मी कान लावून बसले होते आणि मला काही समजत नव्हतं. भाऊ म्हणाला, गेल्या महिन्यात आली असतीस तर खूप बोलली असती, रोज तुझ्याच गोष्टी. मी त्याला काय म्हणणार, की माझा पासपोर्ट दिराच्या पायात होता? त्यातच ती गेली. मी जवळ होते. लोक म्हणतात, नशीब, शेवटी भेट झाली. झाली. भेट झाली, बोलणं राहिलं.

परत आले. आता कडं निघालंय. नितीन मोकळा आहे, दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला मित्रांबरोबर राहतो, नवी नोकरी. येतो अधूनमधून, वैनी, पोळ्या द्या म्हणतो, मी देते. किचनमध्ये येत नाही, हॉलमध्ये बसतो. सासूबाई माझ्याशी फोनवर बोलत नाहीत, सईला विचारतात, तुझी आई बरी हाय का. गावात त्यांनी सांगितलंय की जामीन दिलीपनेच दिला होता पहिल्यापासून. दिलीप म्हणजे आमचे हे. मी दिला होता हे कोणाला आठवत नाही, मी मागे घ्यायला गेले हे मात्र सगळ्या भावकीला पाठ आहे. परवा एक नणंद पार्टीत हसत म्हणाली, हिच्यापासून जपून हं, ही पोलिसांत जाते. सगळे हसले. मीही हसले. हसण्यासारखंच आहे, पोळ्या लाटणारी बाई आणि तिला सगळे घाबरतात. पदवी गेली, पण दरारा आला म्हणायचा.

ह्यांच्याशी? बोलतो की आम्ही. दूध संपलंय, सईची फी, उद्या टिफिन लवकर. चाललंय.

आता नितीनचं लग्न ठरवतायत. मुलगी साताऱ्याची, शिकलेली. परवा मुलीच्या आईचा मला फोन आला, कोणाकडून नंबर काढला देव जाणे. म्हणाल्या, तुम्ही थोरल्या वहिनी, तुम्ही त्याला हाताखाली वाढवलंय, खरं खरं सांगा, तुमच्या शब्दावर मुलगी देतो. हे समोरच बसले होते, पेपर खाली केला. मी फोन दुसऱ्या कानाला घेतला. म्हटलं, ताई, कामाला चांगला आहे. लसूण छान सोलतो. राग आहे, एका माणसाचा कान गेलाय त्याच्या हाताने, त्याबद्दल त्यालाच समोर बसवून विचारा आणि तो काय उत्तर देतो ते बघा. पण माझ्या शब्दावर नका देऊ. त्या बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. ह्यांचा पेपर वर गेला नाही बराच वेळ.

होईल लग्न. होऊ दे, मी आड येणारी कोण? त्याचं भलं होवो, मी त्याला हाताने भरवलंय, वाईट चिंतवत नाही. पण ती पोर जर इथे राहायला आली ना, तर तिचा पासपोर्ट तिच्याच पर्समध्ये राहो, आणि कुठे जायचंय हे तिचं तिला ठरवता येवो. एवढाच आशीर्वाद आहे माझ्याकडे, तो तिला देते.